क्रोममध्ये फोटोग्राफर, बोनेटवर पांढरा डाग: जुन्या ड्रॅग गाडीचे फोटो पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. महिनोन्महिने खपून गाडी उभी केलेली, रंग असा की बोट लावायला जीव होऊ नये. फोटोत मात्र बोनेटवर पांढरा फटकारा, दारावर विजेच्या तारा आणि ब्लोअरच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाच्या) चकचकीत अंगावर मोबाइल धरून वाकलेला माणूस. मग कॅमेरा बदलतात, लेन्स बदलतात, जागा बदलतात. पुढच्या रविवारी डाग पुन्हा तिथेच.

पॉलिश केलेला पत्रा समोर जे असेल ते परत फेकतो. त्यामुळे फोटोत गाडीइतकंच तिच्या आजूबाजूचंही उतरतं. रोजच्या वापरातल्या गाडीत हे खपून जातं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या, पाव मैलाची म्हणजे ४०२ मीटरची सरळ धाव मारायला बांधलेल्या ड्रॅग गाडीत खपत नाही. तिच्यात क्रोम, घासून चमकवलेलं ॲल्युमिनियम, पारदर्शक थराचा कँडी रंग, चमचमत्या तुकड्यांचा मेटलफ्लेक, दारावरचा सोन्याचा वर्ख, प्लेक्सिग्लास या पारदर्शक प्लास्टिकच्या काचा आणि काळंकुट्ट बिनखाचांचं रबर असं सगळं एका फ्रेममध्ये येतं. यातल्या एकाला जो प्रकाश मानवतो तो शेजारच्याला मारतो. गाडी अस्सल अमेरिकी असो की जुन्या फियाटवर त्या धाटणीने बांधलेली, पुढचं सगळं दोघींनाही लागू आहे.

म्हणून फ्लॅशचा विचार नंतर. आधी गाडीला काय दिसतंय ते ठरवायचं. आणि ज्या वस्तूंना परस्परविरोधी प्रकाश लागतो त्यांच्या फ्रेम वेगवेगळ्या काढायच्या. एकाच क्लिकमध्ये सगळं साधायच्या हट्टातून निम्म्याहून जास्त बिघाड होतात.

आधी डाग कोणता ते ओळखा

तीन निरनिराळ्या गोष्टी फोटोत सारख्याच पांढऱ्या दिसतात: सूर्याचा थेट ठिपका, आभाळाचं प्रतिबिंब आणि रंगावरच बसलेला थर. उपाय तिन्हींचे वेगळे, त्यामुळे ओळख चुकली की मेहनत वाया.

कॅमेरा जिथे असेल तिथे उभे राहा, एक डोळा मिटा आणि डोकं फूटभर डावी-उजवीकडे हलवा. डाग सरकला तर ते प्रतिबिंब. जागचा हलला नाही तर तो रंगावर आहे. प्रतिबिंब असेल तर एकाला काळी छत्री घेऊन गाडीभोवती फिरायला सांगा. ज्या जागी छत्री आल्यावर डाग विझतो, त्या दिशेला त्याचं मूळ. काठ तीक्ष्ण आणि आकार लहान असेल तर सूर्य किंवा उघडा दिवा. कडा विरघळत गेलेल्या आणि सगळा बोनेट फिकुटलेला असेल तर आभाळ.

डाग रंगावर असेल तर कॅमेऱ्याने काही होणार नाही. आदल्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च हातभर अंतरावरून पत्र्यावर फिरवा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उठले तर ते बफिंग मशिनचे. उन्हात ते दहापट दिसतात, संध्याकाळच्या मऊ प्रकाशात जवळजवळ लपतात. जुन्या पद्धतीचं लॅकर असेल तर पेंटरला पुन्हा रबिंग कंपाउंड मारायला लावताना शंभरदा विचार करा. कडांवर लॅकरचा थर पातळ असतो, तिथे मशिन फिरलं की खालचा प्रायमर उघडा पडतो. ओरखडे संध्याकाळच्या प्रकाशात झाकून घ्या, रंग वाचवा.

धुण्याचंही इथेच सांगून टाकतो. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरे थेंब उमटतात आणि फोटोत ते धुळीसारखे दिसतात. शेवटचं पाणी आरओचं किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड. एका गाडीला ५ लिटर पुरतं. उन्हात धुवायचं नाही, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. मेणाचा धूसर थर काढायला काही जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. आजच्या टू-के (हार्डनर मिसळलेल्या) क्लिअर कोटवर पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून ते चालतं. जुन्या लॅकरवर किंवा हाताने लिहिलेल्या अक्षरांवर लावू नका, अक्षरं कापडावर येतील. मॅग्नेशियमची चाकं असतील तर पाणी मुरू न देता लगेच कोरडी करा. तो धातू लवकर गंजतो, आणि त्याचा मूळचा मळकट राखाडी रंगच खरा असतो, तो चमकवू नका. टायरला चकाकीचं ड्रेसिंग तर अजिबातच नको. धावपट्टीवरचं रबर मॅट असतं. चोपडल्यावर ते ओलं दिसतं आणि त्यावर आणखी एक पांढरा पट्टा उगवतो.

जागा निवडताना पाठीमागे वळून पाहा

सगळे जण गाडीच्या मागची पार्श्वभूमी शोधतात. दाराच्या पत्र्यात मात्र उमटतं ते फोटोग्राफरच्या मागचं. गाडीची बाजू ही साधारण उभी भिंत. तिला समोरचं क्षितिज दिसतं. त्या क्षितिजावर खांब, तारा, टपरी, पार्क केलेल्या गाड्या असतील तर त्या सगळ्या दारावर वाकड्यातिकड्या होऊन येतात. बोनेट आणि छताला वरचं आभाळ दिसतं. गोल मडगार्डला दोन्ही दिसतात, आणि जमीनही.

म्हणून नागपूरच्या फुटाळा तलावाचा काठ मनातून काढून टाका. मागे तलाव सुरेख दिसेल, पण दारावर गर्दी, हातगाड्या आणि हेडलाइट उतरतील. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यावर गाडी उभी करून फोटो काढायचा विचार तर बोलूनही दाखवू नका. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. ट्रेलरवरून उतरवून ढकलायची, तीही खाजगी आवारात आणि मालकाच्या लेखी परवानगीने. बरी जागा म्हणजे हिंगणा एमआयडीसीतलं सुटीच्या दिवशी रिकामं असलेलं काँक्रीटचं आवार, किंवा मिहानच्या बाजूचा सपाट, तारा नसलेला प्लॉट. फोटोग्राफरच्या मागे किमान शंभर मीटर मोकळं असावं आणि क्षितिजाची रेघ एकसंध. झाडांची लांबलचक सलग रांग चालते, उलट छानच. दारावर एक गडद पट्टा येतो आणि पत्र्याचा घाट उठून दिसतो. सुटं एकच झाड मात्र घाण करतं.

दुपारी काम करावंच लागलं तर नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामांसारखी उंच, लांब भिंत शोधा. चारनंतर तिच्या पूर्वेकडे सावली पडते. गाडी पूर्ण सावलीत घ्या, एक चाकही उन्हात नको. समोर उन्हात न्हालेली पांढरी भिंत असेल तर तीच फुकटातला रिफ्लेक्टर.

जागा बदलता येत नसेल तर आभाळ बदला. बिछायत केंद्रावर पांढरं सिलिंगचं कापड आणि पाइप भाड्याने मिळतात. गाडीपेक्षा चहूबाजूंनी निदान ३ ते ४ फूट मोठं हवं. १२ फुटी गाडीला २० बाय २० फूट ठीक. ड्रॅगस्टरला, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या लांब गाडीला, ३० बाय २० लागेल. साडेआठ-नऊ फुटांवर ताणा. कापड मागताना चुण्यांचं नको, साधं सपाट हवं, हे दोनदा सांगा. लग्नाच्या मांडवाच्या चुण्या जशाच्या तशा बोनेटवर उमटतात. शिवण असलीच तर ती गाडीच्या लांबीला समांतर ठेवा. आडवी आली तर पत्र्याला पोचा पडल्यासारखं दिसतं. कापड जुनं होऊन पिवळं पडलेलं असेल तर व्हाइट बॅलन्स त्याच्या खाली, राखाडी कार्डावर घ्या. आणि वाऱ्याचा अंदाज पाहूनच बांधा: पाइपाच्या पायाशी वाळूची पोती नसतील तर तीन लाखांच्या पेंटवर पाइप पडायला एक झुळूक पुरते.

नागपूरचा सूर्य आणि पुस्तकातला गोल्डन अवर

युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शकांत मावळतीचा तासभर सोनेरी प्रकाश मिळतो असं लिहिलेलं असतं. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. वसंत-शरद संपाताच्या दिवसांत तो तासाला सुमारे १४ अंश उतरतो, लंडनमध्ये सव्वानऊ. म्हणजे क्षितिजाच्या ६ अंश वर असल्यापासून मावळेपर्यंत इथे जेमतेम २५ मिनिटं हातात असतात. मावळल्यानंतरचा कामाचा संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांचाच.

मात्र ड्रॅग गाडीसाठी खरी वेळ तीच आहे, मावळल्यानंतरची ५ ते १८ मिनिटं. तेव्हा सूर्याचा ठिपका नसतो, पश्चिमेकडे तळाशी उजळ आणि वर गडद होत जाणारं आभाळ असतं, आणि दारावर तेच गुळगुळीत उतरतं. गाडीची ज्या बाजूने फोटो घ्यायचा ती बाजू त्या उजेडाकडे करा, कॅमेरा उजेडाकडे पाठ करून. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त ५:४० च्या आसपास आणि पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला. मेअखेर ६:५० च्या आसपास आणि जवळपास तितकाच उत्तरेला. दुपारी कंपास घेऊन दिशा खडूने आखून ठेवा.

या वेळात दर तीन-चार मिनिटांना प्रकाश एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, पडतो. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/८, ट्रायपॉडवर. शटर सुरुवातीला सेकंदाच्या पंधराव्या भागापासून आणि शेवटी काही सेकंदांपर्यंत. प्रत्येक चौकटीचे एक-एक स्टॉपच्या फरकाने तीन फोटो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहत बसाल तर प्रकाश निघून जाईल, म्हणून ब्रॅकेटिंग लावून मोकळे व्हा.

नवतप्यात दुपारी काढलेल्या फोटोंना दुरुस्ती नाही. मेअखेर दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी सूर्य इथे जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो (जुलैच्या मध्याला पुन्हा). बोनेट जळतो आणि दार अंधारात जातं. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ बाजूंना मऊ असतं, पण वरचा पत्रा सपाट पांढरा होतो. तेव्हा कॅमेरा खाली, बोनेटच्या पातळीच्या जवळ आणा, म्हणजे वरचा पत्रा फ्रेममध्ये पट्टीएवढाच उरतो. आणि एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या.

सीपीएल फिल्टर लावूनही चमक जात नाही

इथे गैरसमज फार. सीपीएल म्हणजेच पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो आणि त्या बदल्यात रंगावरची, काचेवरची चमक उतरवतो, पण एका ठराविक कोनातच. रंगाच्या लॅकरसाठी तो कोन पत्र्याला काटकोनात धरलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंश, म्हणजे पत्र्याच्या पातळीपासून साधारण ३४ अंश. तिरक्या कोनातून, पुढचं चाक जवळ ठेवून घेतलेल्या फोटोत दाराचा बराच भाग या कोनाच्या जवळपास येतो आणि फिल्टर फिरवताच रंग खोल होतो. बाजूने अगदी समोरासमोर घेतलेल्या फोटोत कॅमेरा पत्र्याकडे सरळ पाहतो. तिथे फिल्टर कितीही फिरवा, फार तर निळ्या आभाळाचा एखादा भाग उतरेल. अशा वेळी तो काढून ठेवा आणि वाचलेले दोन स्टॉप वापरा.

उघड्या धातूवर पोलरायझर चालत नाही. क्रोम, पॉलिश ॲल्युमिनियम, एक्झॉस्टचे पाइप यांच्यासाठी त्यावर वेळ घालवू नका.

बोनेट साफ झाला की दार चमकतं, दार साफ केलं की बोनेट, हेही नेहमीचं. पत्रा वळणदार असल्यामुळे प्रत्येक भागाचा कोन वेगळा. ट्रायपॉड न हलवता दोन फ्रेम घ्या, फिल्टर एकदा बोनेटसाठी आणि एकदा दारासाठी लावून, आणि एडिटमध्ये मास्क करून (हवा तेवढाच भाग दाखवून) जोडा. सगळी चमक मात्र पुसू नका. चमक पूर्ण गेली की गाडी प्लास्टिकची वाटते. छतापासून मडगार्डपर्यंत जाणारी एक सलग उजळ रेघ ठेवाच.

काचांवर इंद्रधनुष्यी डाग उठले तर घाबरून काच बदलायला जाऊ नका. वजन वाचवायला या गाड्यांत काचेऐवजी प्लेक्सिग्लास किंवा पॉलिकार्बोनेट बसवत. वाकवलेल्या प्लास्टिकमध्ये ताण अडकलेला असतो आणि पोलरायझरमधून तो रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतो. टफन्ड काचेत तेच ठिपक्यांच्या नक्षीत दिसतं. खिडक्यांसाठी फिल्टरशिवाय एक फ्रेम वेगळी घ्या.

क्रोम आणि ब्लोअर

जुन्या ड्रॅग गाडीच्या इंजिनावर बसवलेला तो फासळ्यांचा मोठा ॲल्युमिनियमचा डबा मुळात जीएमसीच्या ट्रक-बसच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. प्रत्येक फासळी गोलसर, त्यामुळे प्रत्येकीत पूर्ण परिसर छोटा होऊन बसतो, तुमच्यासकट.

जवळून वाइड लेन्सने काढाल तर तुम्ही मोठे दिसाल. ८५ ते १३५ मिमीच्या लेन्सने ३ मीटरहून जास्त मागे या. ट्रायपॉडवर काळं कापड टाका, लेन्सपुरतं भोक ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. गांधीबागेत किंवा इतवारीत काळं कापड घेताना सॅटिन नको, ते स्वतःच चमकतं. मखमल किंवा चमक नसलेलं जाड सुती, ४ मीटर पुरतं.

क्रोमला उजेडाइतकाच अंधारही हवा. चारही बाजूंनी पांढरं लावलं तर तो राखाडी प्लास्टिकसारखा दिसतो. ८ बाय ४ फुटांची सनबोर्डची शीट अर्धी कापा. एक तुकडा ब्लोअरच्या वर ४५ अंशात, दुसऱ्याला काळं कापड लावून खाली किंवा बाजूला. पांढऱ्याची काठ क्रोममध्ये जिथे येते तिथेच गोलाई दिसते. शीट इंच-इंच सरकवत ती रेघ फासळीच्या मध्यावर आणा. मागे वळलेले, वर उघडणारे एक्झॉस्ट पाइप असतील तर प्रत्येकाच्या तोंडात आत काळं असू द्या, तिथे प्रकाश भरू नका. निळसर-सोनेरी उष्णतेचे वळसे पाइपाच्या पत्र्यावर असतात, ते पुसायची चूक रिटचिंगमध्ये फार होते.

मेटलफ्लेक विझलेला, कँडी चिखलासारखा, वर्ख काळा

ही तीन दुखणी एकत्र येतात आणि इथेच सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो.

कँडी रंग म्हणजे खाली चांदी किंवा सोनेरी बेस आणि वर पारदर्शक रंगीत थर. प्रकाश थरातून आत जाऊन बेसवर आपटून परत येतो तेव्हा रंग पेटतो. आत पुरेसा प्रकाश गेला नाही तर तो नुसता गडद, चिखलासारखा दिसतो. त्याला मोठा आणि जवळचा उजेड लागतो, म्हणून संधिप्रकाश किंवा मांडवाचं कापड त्याला मानवतं.

मेटलफ्लेकमध्ये ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या फिल्मचे बारीक तुकडे असतात. प्रत्येक तुकडा हा वेगळ्या दिशेला वळलेला लहानसा आरसा. उजेड मोठा आणि मऊ असेल तर सगळे आरसे सारखेच उजळतात आणि रंग सपाट राखाडी होतो. चमचम हवी तर लहान, कडक दिवा लागतो. म्हणजे क्रोम-कँडीला जे हवं त्याच्या नेमकं उलट.

उपाय असा. संधिप्रकाशातली मुख्य फ्रेम नेहमीसारखी घ्या. मग कॅमेरा न हलवता, डिफ्यूझर न लावता, उघडा स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) गाडीपासून ३ ते ४ मीटरवर, कॅमेऱ्याच्या रेषेपासून ३० ते ४५ अंशांवर धरा. ताकद एक-षोडशांशपासून सुरू करा आणि मुख्य प्रकाशाच्या दीड-दोन स्टॉप खाली ठेवा. फ्लॅशची जागा फूटभर बदलत चार फ्रेम घ्या, दर वेळी वेगळे तुकडे पेटतात. नंतर एडिटमध्ये त्या लाइटन मोडमध्ये (दोन्हींतलं जे उजळ तेच दिसतं) मुख्य फ्रेमवर ठेवा आणि क्रोमवर आलेले फ्लॅशचे ठिपके मास्कने झाका. आभाळ झपाट्याने बदलतं म्हणून हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकलं पाहिजे. फ्लॅशवाल्या माणसाची दुपारीच तालीम करून घ्या.

एडिट करताना नॉइज रिडक्शन शून्यावर आणा. सॉफ्टवेअर फ्लेकला नॉइज समजून पुसतं. मोबाइलमध्ये तर ते विचारतही नाही, म्हणून प्रो मोडमध्ये रॉ घ्या, एचडीआर बंद करा आणि मुख्य लेन्सऐवजी टेली लेन्स वापरा.

दारावरची सोन्याच्या वर्खाची अक्षरं काळी येतात कारण त्यांना अंधार दिसत असतो. वर्ख सपाट आणि घासलेल्या गोल चकत्यांच्या नक्षीचा असला तर आणखीच. अक्षरांच्या समोर, फ्रेमच्या बाहेर, सनबोर्डचा तुकडा धरा आणि अक्षरं पेटेपर्यंत झुकवा. मग त्या भागापुरती ती फ्रेम वापरा.

लाल रंग डागळतो, तपशील जातो

कँडी लालमध्ये हिस्टोग्राम ठीक दिसतो पण रंग सपाट होतो, कारण एकत्रित आलेखात ब्राइटनेस मावतो आणि फक्त लाल चॅनल फुटलेला असतो. कॅमेऱ्यात आरजीबीचे तीन वेगळे आलेख लावा. लाल उजव्या भिंतीला टेकला की दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल. व्हिव्हिड लावलं की आलेखही खोटा सांगतो.

गाडी फुगलेली, वाकडी किंवा छोटी दिसते

स्लिंगशॉट या जुन्या घाटाच्या ड्रॅगस्टरमध्ये ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतो, इंजिन त्याच्या पुढ्यात. १९७० च्या मार्चमध्ये ड्रॅग शर्यतींचे ड्रायव्हर डॉन गार्लिट्स यांना अमेरिकेतल्या लायन्स धावपट्टीवर झालेल्या अपघातानंतर आणि पुढच्या वर्षीच्या त्यांच्या मागे-इंजिनच्या गाडीच्या यशानंतर हा घाट मागे पडला. फोटोच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की सगळं वजन मागच्या एक-तृतीयांश भागात आहे आणि पुढे सायकलच्या चाकांसारखी दोन बारीक चाकं. २४ मिमीने ३ मीटरवरून काढलं की मागचं बिनखाचांचं स्लिक टायर फुगतं आणि पुढची चाकं नाहीशी होतात.

सहा मीटरच्या गाडीला दोन्हीकडे मीटरभर जागा सोडून बाजूचा फोटो हवा असेल तर फुल फ्रेमवर ८५ मिमीला सुमारे १९ मीटर, ५० मिमीला ११ मीटर मागे जावं लागतं. क्रॉप सेन्सरवर ५० मिमीला १७. जागा निवडताना हे अंतर टेपने मोजा. तिरक्या फोटोला ८५ मिमी, १० मीटर, एफ/८: साडेसात ते पंधरा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. एफ/१६ वर जायची गरज नाही.

गॅसर प्रकारच्या गाडीचं नाक मुद्दाम वर उचललेलं असतं. एडिट करताना दाराच्या रेघेवरून फोटो सरळ केला की जमीन तिरपी होते आणि गाडी उतारावर असल्यासारखी दिसते. नेहमी जमीन किंवा क्षितिज सरळ करा. कॅमेऱ्याची उंची ६० ते ७५ सेंमी. फार खाली गेलात तर नाकाची उचल विनोदी वाटते.

गाडी जागेवर बसत नाही

मागचा ॲक्सल बहुधा लॉक असतो, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. ड्रॅगस्टरला स्टिअरिंगचा कोनही नावाला. वीस मिनिटांच्या प्रकाशात ती वळवायला गेलात तर प्रकाश संपेल. दुपारीच चार जणांनी ढकलून जागेवर आणा, खडूने चाकांच्या खुणा करा, आणि कोन बदलायचा तर कॅमेरा हलवा. ढकलताना हात रोल बारवर किंवा मागच्या पुश बारवर. फायबरग्लासचं नाक, ब्लोअरचा हवा घेणारा स्कूप आणि व्हीली बार (नाक फार उचलू नये म्हणून मागे लावलेले दांडे) यांना हात लावायचा नाही. बऱ्याच ड्रॅगस्टरना पुढे ब्रेकच नसतात, म्हणून लाकडी गुटके मागच्या टायरच्या पलीकडच्या बाजूने लावा, फ्रेममध्ये दिसत नाहीत. टाकी रिकामी, बॅटरीचं टर्मिनल काढलेलं. टायरवरची अक्षरं सरळ यावीत म्हणून शेवटी गाडी फूटभर पुढे-मागे करावी लागते, तेवढी जागा सोडा.

गॅरेजमध्ये काळे पट्टे आणि हिरवट रंग

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. हिरवट किंवा निळसर छटा बहुतेक वेळा छतातल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांमधून येते. ती एडिटमध्ये पूर्ण निघत नाही, कारण क्रोमवर ती एका जागी असते आणि दुसऱ्या जागी नसते. ताडपत्री टाकून ते पत्रे झाका, नाहीतर रात्री काम करा: सगळे दिवे बंद, २० ते ३० सेकंदांचं शटर, आणि चांगल्या सीआरआयची (रंग खरे दाखवणारी) एलईडी ट्यूब गाडीच्या वर दीड मीटरवरून एका वेगाने, न थांबता, पुढून मागे. थांबलात तिथे गाठ पडते. आठ-दहा फ्रेम घेऊन त्यातल्या चांगल्या पट्ट्या जोडा.

लेन्स सॉफ्ट वाटते

उन्हाळ्यात २०० मिमीने लांबून, डांबरावरून काढलेले फोटो थरथरलेले येतात. लेन्स दुरुस्तीला नेऊ नका, ती तापलेली हवा आहे. सकाळी साडेसातच्या आत काढा, किंवा अंतर कमी करून ८५ वर या.

मालकाच्या मोबाइलवर रंग वेगळा दिसतो

फाइल अडोबी आरजीबीत गेली असेल तर काही फोनवर लाल फिका पडतो. एक्स्पोर्ट एसआरजीबीत, प्रोफाइल फाइलमध्ये जोडून, लांब बाजू २०४८ पिक्सेल, शार्पनिंग कमी; जास्त केलं तर फ्लेक वाळूसारखा दिसतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून टाकतो आणि कँडीच्या उतरत्या छटेत पायऱ्या पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि छपाईसाठी १६ बिटची टिफ वेगळी द्या.